गाडीला व्हिनाइल रॅप करताय? आरटीओ आणि इन्शुरन्सला कसं कळवायचं ते सगळं सांगतो

माझी स्विफ्ट शोरूममधून आली तेव्हा पांढरी होती. सहा वर्षं पांढरीच चालवली आणि मग मॅट ग्रे व्हिनाइल रॅप, म्हणजे गाडीवर चिकटवायची रंगीत फिल्म, करून घेतला. रॅपवाल्याला विचारलं की आरटीओत काही करावं लागतं का, तर तो म्हणाला काही नाही हो, स्टिकरच आहे, उद्या काढला की परत पांढरी. बिलही साध्या कागदावर द्यायला निघाला होता. मला ते पटलं नाही, कारण आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी सीएनजी किट बाहेरून बसवून आरसीवर चढवलं नव्हतं आणि क्लेमच्या वेळी त्यांनी जे हेलपाटे घातले ते मी स्वतः बघितलेत. म्हणून मी आधी आरटीओत विचारून घेतलं, इन्शुरन्सला कळवलं आणि मग रॅप केला. त्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांनी तेच तेच विचारलं, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. हे खाजगी चारचाकीसाठी आहे आणि महाराष्ट्रातलं आहे, पण कायदा केंद्राचा असल्यामुळे गोव्यात किंवा बेळगाव-इंदूरकडे राहणाऱ्यांनाही मूळ गोष्टी ह्याच लागू होतात, फक्त ऑफिसची पद्धत थोडी वेगळी असेल.

आधी तुमची आरसी काढा आणि बघा. त्याच्यावर इंजिन नंबर, चासी नंबर, मॉडेल यांच्यासोबत रंगाचाही रकाना आहे. नवीन गाडीच्या नोंदणीसाठी जो फॉर्म २० भरला जातो त्यातच बॉडीचा रंग लिहावा लागतो आणि तिथून तो आरसीवर येतो. म्हणजे रंग ही सरकारदरबारी नोंदलेली तुमच्या गाडीची ओळख आहे. नाक्यावर पोलिसाने मशीनमध्ये नंबर टाकला आणि समोर पांढऱ्याच्या जागी काळी गाडी उभी असली तर त्याला पहिली शंका चोरीची किंवा बोगस नंबर प्लेटची येणार, आणि त्यात त्याची काहीच चूक नाही.

आता कायदा काय म्हणतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. मालकाने गाडीत असा बदल करायचा नाही की आरसीवरचा तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा पडेल, असं हे कलम सांगतं. परवानगी न घेता बदल झालाच असेल तर १४ दिवसांच्या आत आपल्या भागातल्या आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची असंही त्यात आहे. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळच्या एका प्रकरणात ह्याच कलमावर निकाल दिला आणि कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२ए नव्याने लिहिलं गेलं, त्याच्या चौथ्या उपकलमात नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, असं आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कायद्यात व्हिनाइल रॅप असा शब्द नाहीये, आणि बदल म्हणजे काय ह्याची जी व्याख्या कलम ५२ मध्ये दिलीय ती गाडीच्या रचनेबद्दल बोलते, मूळ स्वरूप बदलेल असा रचनेतला फरक. त्याच्यामुळे रॅपवाले म्हणतात की स्टिकरने रचना कुठे बदलते, आणि वकिलाच्या टेबलावर हा मुद्दा बिनतोड वाटेलही. पण आरसीवरचा रंगाचा रकाना आणि समोरची गाडी जुळत नाही हे तर खरंच आहे ना, आणि रात्री दहा वाजता खेड शिवापूरच्या टोलवर बायको-पोरं गाडीत असताना व्याख्येवर वाद घालायची कुणाचीच इच्छा नसते. माझं मत पक्कं आहे, पूर्ण गाडीचा रंग बदलत असाल तर नोंद करून घ्यायची, विषय संपला.

पण पूर्ण गाडी म्हणजे नेमकं काय? नुसतं छत काळं केलं, बॉनेटवर दोन पट्टे टाकले, आरशांना कार्बन फायबरसारखी फिल्म लावली, तर गाडीचा मुख्य रंग तोच राहतो, आरसीवर पांढरी आणि बघणाराही पांढरीच म्हणणार. ह्याच्यासाठी मी आरटीओत जाणार नाही. इन्शुरन्सला मात्र एक मेल टाकून ठेवीन, मेलला काय पैसे पडत नाहीत. पारदर्शक पीपीएफ, म्हणजे रंग जपणारी पेंट प्रोटेक्शन फिल्म, लावलीत तर रंग तोच राहतो, आरटीओचा प्रश्नच नाही, पण ती फिल्म व्हिनाइलपेक्षा महाग असते म्हणून इन्शुरन्सला तिची किंमत कळवणं उलट जास्त गरजेचं. आणि चारही दारं, बॉनेट, डिकी, बंपर, छत सगळं नव्या रंगात, तर पूर्ण रंगबदल. मधलं काहीतरी असेल, म्हणजे अर्धी गाडी वेगळी, तर जाऊन मोटार वाहन निरीक्षकाला फोटो दाखवून विचारा, ते सांगतात, फुकट सांगतात.

रंग निवडायच्या आधीच काही गोष्टी बाजूला काढून ठेवा, कारण पैसे भरून झाल्यावर कळलं तर फार वाईट वाटतं.

पहिलं म्हणजे ऑलिव्ह ग्रीन. मॅट मिलिटरी ग्रीन सध्या थारवर, जिम्नीवर पोरांना फार आवडतो, पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२१ सांगतो की संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कुठल्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग द्यायचा नाही. नियमात शब्द रंगवण्याचा आहे म्हणून रॅप चालतो असं दुकानदार सांगेल, त्याच्या नादी लागू नका, नोंदीला गेलात तर हाच अर्ज अडकणार. दुसरं, टॅक्सीची काळी-पिवळी रंगसंगती किंवा पोलिसांच्या गाडीसारखं दिसेल असं काही करू नका. तुमची गाडी टुरिस्ट परमिटवर किंवा टॅक्सी असेल तर तिचा रंग परमिटशी बांधलेला असू शकतो आणि अंगावर जाहिरात चिकटवायची तर त्याची परवानगी वेगळी, तेव्हा पिवळ्या नंबर प्लेटवाल्यांनी हा लेख आपला समजू नये, आधी आरटीओ. तिसरं, आरशासारखा चकाकणारा क्रोम. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दुपारच्या उन्हात समोरच्याच्या डोळ्यात जी तिरीप जाते ती मी अनुभवलीय, मला तो रंग रस्त्यावर धोक्याचा वाटतो.

काचांना रॅपवाल्याचा हात लावू देऊ नका. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा हा नियम १०० आहे, आणि २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने काळ्या फिल्मवर बंदी घातली ते तुम्हाला आठवत असेलच, तेव्हा चौकाचौकात पोलीस फिल्मा फाडत होते. हेडलाइट आणि टेललाइटवर स्मोक फिल्म तर अजिबात नको. निरीक्षक गाडी तपासताना पहिली नजर तिथेच टाकतो.

नंबर प्लेटचं एक खास सांगतो. एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, न निघणाऱ्या स्नॅप लॉकने बसवलेली असते, लॉक एकदा तोडलं की परत बसत नाही. काही रॅपवाले बंपरवर फिल्म नीट बसावी म्हणून प्लेट उचकटतात आणि नंतर साध्या स्क्रूने लावून देतात. मी आधीच सांगून ठेवलं की प्लेटला हात लावायचा नाही, तिच्या कडेने कापून बसव. थोडी मेहनत जास्त पडते त्यांना, पण जमतं.

आता कामाला लागू. गाडी दुकानात टाकायच्या आधी एक दिवस काढा आणि गाडी धुऊन चारही बाजूंनी, छतावरून, दारं उघडून आतल्या कडांचे, आणि चासी नंबरचा असे फोटो काढा, तारखेसकट. दाराच्या आतल्या कडा मुद्दाम म्हणतोय कारण बहुतेक रॅपमध्ये त्या मूळ रंगातच राहतात, आणि पुढे कधी कुणी विचारलं की ही गाडी मुळात कुठल्या रंगाची, तर दार उघडून दाखवता येतं. जुने ओरखडे, डेंट असतील त्यांचेही जवळून फोटो घ्या. रॅपखाली झाकलं गेलेलं जुनं नुकसान नंतर क्लेममध्ये वर आलं तर विमा कंपनीचा सर्व्हेअर विचारणारच की हे कधीचं. जिथे आधी डेंटिंग-पेंटिंग झालंय ते पॅनल रॅपवाल्याला दाखवून ठेवा, बाहेर केलेल्या रंगाची पकड कंपनीच्या रंगाइतकी नसते आणि पुढे फिल्म ओढताना खालचा लॅकर सोबत निघून येतो.

गाडीवर कर्ज असेल तर आरसीवर बँकेचं नाव चढलेलं असतं. बँकेला दोन ओळींचा मेल करा की गाडीला रॅप करून रंग बदलतोय आणि आरसीवर नोंद करतोय, आपली हरकत नाही असं पत्र द्यावं. माझं कर्ज फिटलं होतं पण बोजा उतरवायचा राहिला होता, मग आधी फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी घेऊन तो उतरवला. ते काम तसंही राहिलेलंच असतं बऱ्याच जणांचं, ह्या निमित्ताने करून टाका.

आरटीओचा अर्ज परिवहन पोर्टलवर सुरू होतो. वाहनविषयक सेवांमध्ये जायचं, महाराष्ट्र निवडायचं, गाडीचा नंबर आणि चासी नंबरचे शेवटचे पाच आकडे टाकायचे, आरसीला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. इथे निम्मे लोक अडकतात कारण गाडी घेताना डीलरने भलताच नंबर टाकलेला असतो, तसं असेल तर आधी मोबाइल नंबर दुरुस्त करून घ्या. मग सेवांच्या यादीतून वाहनातील बदल, म्हणजे अल्टरेशनवाली सेवा निवडायची आणि बदलाच्या तपशिलात रंग भरायचा. रंगाचं नाव साधं लिहा, ग्रे, ब्लू, ब्लॅक. फिल्मच्या कॅटलॉगमध्ये कसलीतरी मोठी नावं असतात, ती आरसीवर काही कामाची नाहीत. फी तिथेच दिसते आणि तिथेच ऑनलाइन भरायची, पावतीची प्रिंट काढायची.

कागद म्हणाल तर मूळ आरसी, चालू इन्शुरन्स, चालू पीयूसी, आधार आणि पॅन, बँकेचं पत्र असेल तर ते, पेन्सिलने घेतलेली चासी नंबरची छाप, रॅपचं पक्कं बिल किंवा काम व्हायचं असेल तर कोटेशन, आणि आधीचे-नंतरचे फोटो. प्रत्येक आरटीओची एखादी जास्तीची मागणी असते, त्यामुळे मूळ कागदांची फाइल आणि झेरॉक्सचा एक वेगळा संच घेऊन जा. ई-चलन थकलेली असतील तर आधी भरून टाका, मध्येच अर्ज लटकायला नको.

परवानगी आधी की रॅप आधी, हे सगळे विचारतात. माझं सांगणं, आधी कोटेशन आणि निवडलेल्या रंगाचा नमुना घेऊन आरटीओत जाऊन या, निरीक्षकाला विचारा की हा रंग चालेल ना आणि अर्ज आत्ता घेता की काम झाल्यावर गाडी दाखवू. मला काम झाल्यावर गाडी घेऊन या असं सांगितलं. मग मी कामाच्या दिवसापासून १४ दिवस मोजून कॅलेंडरवर खूण केली आणि सहाव्या दिवशी तपासणीला गेलो. तपासणी म्हणजे फार काही नसतं, निरीक्षक चासी नंबर जुळवतो, रंग बघतो, दिवे-काचा-प्लेट बघतो, बाकी काही उपद्व्याप केलेत का ते बघतो. एक्झॉस्ट बदललेला असेल, बाहेर आलेले रुंद टायर असतील, तर रॅपच्या निमित्ताने तेही उघडं पडणार, तेव्हा आधी ते मूळ स्थितीत आणा. गेटवर एजंट भेटतात, साहेब गाडी न दाखवता करून देतो म्हणतात. नाही करायचं. गाडी न बघता झालेली नोंद पुढे कधी तपासली गेली तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल, एजंट त्या दिवशी फोन उचलत नाही.

नवीन आरसी हातात आली की सगळे रकाने परत वाचा, फक्त रंग नाही, चासी नंबर, इंजिन नंबर, मालकाचं नाव सगळं. एखादं अक्षर चुकलं तर तेव्हाच दुरुस्त होतं, गाडी विकताना कळलं तर महिना जातो. तोपर्यंत फी भरल्याची पावती आणि अर्जाची प्रिंट गाडीत ठेवा.

आता इन्शुरन्स, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण आरटीओपेक्षा पैशाचं खरं नुकसान इथे होऊ शकतं. पॉलिसी घेताना आपण जो प्रपोजल भरतो त्याच्या खाली एक कबुली असते की दिलेली माहिती खरी आहे. ती कुणी वाचत नाही, आता तर ऑनलाइन टिक करून पुढे जातो. पण कंपनीने रिस्क घेतली ती त्या माहितीवर. मध्ये गाडीत बदल झाला तर कळवणं आपल्यावर आहे. रंग बदलला म्हणून अपघात जास्त होतात असं कुणी म्हणत नाही, पण कळवलंच नाही ह्या एका गोष्टीवर क्लेम रेंगाळतो, खुलासे मागतात, चौकशी अधिकारी येतो, आणि त्या काळात गाडी गॅरेजमध्ये पडून राहते.

एजंटला तोंडी सांगितलं म्हणजे कळवलं असं होत नाही. कंपनीच्या ग्राहक सेवेच्या ईमेलवर, एजंटला सीसीमध्ये ठेवून, लेखी कळवायचं. मी इंग्रजीत लिहिलं होतं, मजकूर साधारण असा होता:

"माझ्या गाडीची पॉलिसी क्रमांक अमुक, नोंदणी क्रमांक अमुक. ह्या गाडीला मी अमुक तारखेला पूर्ण व्हिनाइल रॅप करून घेत आहे. मूळ रंग पांढरा, रॅपनंतरचा रंग ग्रे, मॅट. इंजिन, बॉडीची रचना, सीट, वापर ह्यात कोणताही बदल नाही. आरटीओकडे रंगबदलाच्या नोंदीची प्रक्रिया करत आहे. रॅपची किंमत कोटेशनप्रमाणे अमुक रुपये आहे. कृपया ह्या बदलाची पॉलिसीवर एंडोर्समेंटने (पॉलिसीला जोडलेल्या लेखी दुरुस्तीने) नोंद करावी, रॅपची किंमत विम्यात धरता येईल का आणि त्याचा जादा प्रीमियम किती ते लेखी कळवावं. आधीचे फोटो, कोटेशन आणि आरसी सोबत जोडली आहे."

शेवटून दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकच समजतात. रंग बदलल्याची नोंद ही एक गोष्ट, तिने तुमचा मूळ क्लेम सुरक्षित होतो. रॅपच्या किमतीचा विमा ही दुसरी. नोंद झाली म्हणजे रॅपचे पैसे मिळतील असं नाही. गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या यादीतल्या किमतीवरून वजा घसारा अशी निघते, सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षाच्या आत १५ टक्के, मग २०, ३०, ४० करत चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के, आणि त्यात तुमचे रॅपचे पैसे कुठेच नसतात. कंपनीच्या यादीत नसलेली ॲक्सेसरी वेगळी जाहीर करून तिची किंमत वेगळी धरून घ्यावी लागते. पॉलिसीच्या पहिल्या पानावर इलेक्ट्रिकल आणि नॉन-इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीज असे दोन रकाने असतात ते बघा, बहुतेकांचे शून्य असतात. रॅप बसला तर नॉन-इलेक्ट्रिकलमध्ये बसतो. विमा कंपनी हो म्हणाली तर जादा प्रीमियम भरून ती किंमत त्या रकान्यात छापून घ्या, नाही म्हणाली तर तो नकार जपून ठेवा, निदान तुम्ही विचारलं होतं ह्याचा पुरावा राहतो.

म्हणून बिल पक्कं हवं. जीएसटी नंबर असलेलं, त्यावर तुमचा गाडी नंबर, फिल्मची कंपनी आणि मॉडेल, मटेरियलची रक्कम वेगळी, मजुरी वेगळी. थ्रीएम, एव्हरी डेनिसन, ओराकल, हेक्सिस ह्यांपैकी जी फिल्म लावली तिच्या रोलवरचा बॅच नंबर मी बिलावर लिहून घेतला. पुढे एखादं दार बदलावं लागलं तर तीच फिल्म मागवता येते, नाहीतर नवीन दार आणि जुनी गाडी दोन वेगळ्या छटांच्या दिसतात.

नो क्लेम बोनस जाईल का अशी भीती असते, तर नाही जात. माहिती कळवणं म्हणजे क्लेम नव्हे, बोनस क्लेम घेतल्यावर जातो. आणि नवीन गाडीवाल्यांनी एक लक्षात ठेवा, २०१८ पासून नवीन कारला थर्ड पार्टी तीन वर्षांची एकदम मिळते, त्यामुळे दुसऱ्या वर्षी ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा) वेगळ्या कंपनीकडून घेतला असेल तर तुमच्या गाडीच्या दोन विमा कंपन्या झाल्या. मेल दोघींना जायला हवा.

एंडोर्समेंट आली की ती पीडीएफ मूळ पॉलिसीसोबत ठेवा. आठ-दहा दिवसांत काहीच आलं नाही तर त्याच मेलवर परत लिहा, नवीन मेल करू नका, म्हणजे तारखांची साखळी एकाच जागी राहते. रिन्यूअलला सावध राहा, कारण एंडोर्समेंट चालू पॉलिसीची असते, पुढच्या वर्षी कंपनी बदललीत आणि वेबसाइटवर नंबर टाकून पाच मिनिटांत पॉलिसी काढलीत तर नव्या कंपनीला रॅपबद्दल काहीच माहीत नसतं. परत कळवायचं. पॉलिसी चुकून लॅप्स झाली तर गाडीची पाहणी करतात, फोटो मागतात, तेव्हा आरसी आणि गाडीचा रंग जुळत नसेल तर तिथेच प्रश्न येतो.

अपघात झालाच तर काय होतं तेही समजून घ्या. कॅशलेस गॅरेज दार ठोकून, रंगवून देईल, पण मूळ पांढऱ्या रंगात. पॉलिसीत गाडीचा रंग येतो, वरची फिल्म तुम्ही वेगळी धरली असेल तरच. रंगकामात मटेरियलच्या खर्चावर ५० टक्के घसारा कापतात, आणि बिल एकत्र असेल तर एकूण रंगकामाच्या २५ टक्के रक्कम मटेरियल धरून तो लावतात, झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, असेल तर हे कापत नाहीत. म्हणजे ग्रे गाडीला एक पांढरं दार घेऊन तुम्ही गॅरेजबाहेर येणार आणि ते दार परत रॅप करणार, तेही नवीन रंग पूर्ण सुकू दिल्यावर. रॅपची किंमत धरलेली असेल तर सर्व्हेअरला पहिल्याच दिवशी एंडोर्समेंट दाखवा आणि फिल्मचं वेगळं एस्टिमेट त्याच्या हातात द्या. गॅरेजने फिल्म सोलून फेकल्यावर मग सांगितलं तर तो काय बघणार.

चोरीच्या बाबतीत तर रंगाची नोंद फारच कामाला येते. पोलीस सगळीकडे वर्णन पाठवतात ते एफआयआरमधलं. आरसीवर पांढरी असेल आणि रस्त्यावर ग्रे गाडी फिरत असेल तर शोधणार काय? एफआयआर लिहिताना दोन्ही रंग सांगा, मूळ पांढरा, वरून ग्रे रॅप, दाराच्या आतल्या कडा पांढऱ्या. गाडी सापडली नाही तर इन्शुरन्सवाले दोन्ही किल्ल्या, आरसी, एफआयआर आणि शेवटी पोलिसांची ए समरी (गुन्हा खरा पण तपास लागला नाही असा अहवाल) मागतात, आणि ह्या सगळ्या कागदांवर गाडीचं वर्णन एकसारखं असलं की चौकशी लवकर आटपते. ह्याच्या उलटही होतं, कुणी तुमचा नंबर दुसऱ्याच गाडीला लावून फिरतं आणि चलन तुमच्या नावावर येतं. महाट्रॅफिक ॲपवर तक्रार करताना फोटोतली गाडी वेगळ्या रंगाची आहे हे तुम्ही आरसी दाखवून सिद्ध करू शकता, पण आरसीच जुनी असेल तर तो पुरावा तुमच्याच विरोधात जातो.

सगळं कळवूनही कंपनीने रॅपचं कारण देऊन क्लेम नाकारला तर गप्प बसू नका. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, एक महिना वाट बघायची, उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. आपल्याकडे मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं ते घेतात, वकील लागत नाही, फी नाही, फक्त कंपनीने नाकारल्यापासून वर्षाच्या आत जायचं. तिथे तुमचा तो पहिला मेल आणि त्याची तारीख हाच तुमचा मुख्य कागद.

लंडन, मँचेस्टरकडच्या मंडळींनी विचारलं होतं म्हणून थोडक्यात, तिथे हे काम उलट सोपं आहे. गाडीच्या लॉगबुकवर, म्हणजे व्ही५सी वर रंग असतो, रंग बदलला की डीव्हीएलएला, म्हणजे तिथल्या वाहन नोंदणी खात्याला, कळवावं लागतं, त्याची फी नाही आणि ते सुधारित लॉगबुक पाठवतात. विमा कंपन्या तिकडे रॅपला मॉडिफिकेशन धरतात आणि फॉर्मवर तसा थेट प्रश्न विचारतात, तिथे खोटं किंवा निष्काळजी उत्तर दिलं तर २०१२ च्या कायद्याने क्लेम कमी करायचा किंवा नाकारायचा हक्क त्यांना मिळतो. वर्षाच्या मध्ये रॅप केलात तर रिन्यूअलपर्यंत थांबू नका.

आता रॅप काढायचा विचारही आधीच करून ठेवा, कारण चांगली कास्ट फिल्म असली तरी आपल्या उन्हात छत आणि बॉनेट बाजूंपेक्षा आधी जातात, कडा उचलतात, रंग विटतो. काढलात की गाडी परत पांढरी आणि आरसीवर ग्रे, म्हणजे तोच अर्ज परत, तीच तपासणी परत, इन्शुरन्सला तोच मेल परत. गाडी विकणार असाल तर हे फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करायच्या आधी उरका, गिऱ्हाइकाला आरसी, पॉलिसी आणि गाडी एकाच रंगात द्या. काढण्याचं काम सकाळच्या थंडीत ओढून करू नका, हीट गनने किंवा दुपारच्या उन्हात गाडी तापू देऊन, फिल्म स्वतःवर दुमडून सावकाश ओढायची, आणि रॅपच्या आधी काढलेले ते फोटो जवळ ठेवायचे, कुठल्या पॅनलचा रंग आधीच बाहेरचा होता ते त्यात बघून तिथे जास्त हळू जायचं.